साळवीबाईंची ओल

कोणाच्याही घरी गेल्या की साळवीबाई आधी भिंतीला हात लावायच्या. तोसुद्धा उलटा. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी पंजाची मागची बाजू भिंतीला टेकवायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन मागे ताटकळत असायची. मग बाई डोळे उघडून निकाल सांगायच्या, “पलीकडे न्हाणीघर आहे ना? नळ बघून घ्या.” आणि नळ गळत असायचाच. सरळ हात का लावत नाही, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, तळव्याला स्वतःचाच घाम असतो, तो आपलं पाप भिंतीच्या नावावर घालतो.

रत्नागिरीत आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि मी गणित. माझं माहेर तासगावकडचं. नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हा कोकण मी फक्त कॅलेंडरावर पाहिलं होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुजू झाले आणि चौथ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत, चहात बुडवण्याआधीच वाकलेलं बिस्कीट हातात धरून म्हणाले, “इथं सगळंच किती दमट आहे हो.”

कोपऱ्यात वह्या तपासत बसलेल्या बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. उंच, रुंद खांद्यांची बाई. चालताना डावा पाय किंचित ओढायच्या. बोलताना प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचलायच्या, त्यामुळे त्यांचा हुकूमसुद्धा प्रश्नासारखा ऐकू यायचा.

“पाटीलबाई, हवा दमट असते,” त्या म्हणाल्या. “बिस्कीट सादळतं. चादर ओलसर लागते. आणि भिंतीला ओल येते. ही चार दुखणी चार प्रकारची आहेत. सगळ्यांना एकच पुडी देऊ नका.”

मला राग आला. गणिताच्या बाईला मराठीच्या बाईने सगळ्यांसमोर शिकवावं हे काही बरं नाही. पण त्याच संध्याकाळी त्या माझ्या भाड्याच्या खोलीवर हजर झाल्या. न विचारता चारही भिंतींना उलटा हात लावला आणि मी खाट जिला चिकटवून ठेवली होती त्या पश्चिमेच्या भिंतीशी थांबल्या. म्हणाल्या, ही भिंत समुद्राकडची. हिच्याशी सासूसारखं वागायचं. मान द्यायचा, पण अंगाला अंग लावून झोपायचं नाही. मग माझी पत्र्याची पेटी उघडायला लावली. आत बी.एड.च्या प्रमाणपत्रावर हिरवट बुरशीची नक्षी उठली होती. त्यांनी ती कोरड्या फडक्याने टिपली, कागद धरून उजेडाकडे नेला आणि मला गुण किती मिळालेत ते नीट वाचून घेतलं. जाताना म्हणाल्या, गुण चांगले आहेत, पेटीच्या तळाला विटा लावा.

दुसऱ्या दिवशी मी राग सोडून त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, आमच्याकडे ओल ही चांगली गोष्ट असते. त्यांनी पेन पुन्हा खाली ठेवलं. मग मी सांगितलं, की पाऊस झाला की आमचे वडील शेतात जाऊन पायाच्या अंगठ्याने माती उकरतात, मग दोन बोटं आत खुपसतात आणि घरी येऊन सांगतात, वीतभर ओल गेली. त्या दिवशी घरात गोड होतं.

“गेली?” बाईंनी विचारलं.

“हो. ओल जाते. खाली जाते. जितकी खोल गेली तितकं बरं.”

बाई म्हणाल्या, तुमच्याकडे ओल जाते आणि आमच्याकडे येते. इतकी वर्षं शिकवते, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मला हाताला धरून त्यांनी आठवीच्या वर्गात नेलं. पोरांसमोर उभं करून ते सगळं, अंगठ्याने माती उकरण्यासकट, पुन्हा सांगायला लावलं. ओल आली म्हणून कोणी शिरा करतं, हे ऐकून अख्खा वर्ग हसत होता. त्यांच्या घरी ओल आली की कपाटं हलवायची आणि आईने वडिलांवर चिडायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून बाई मला पाटीलबाई म्हणायच्या थांबल्या आणि सुरेखा म्हणू लागल्या. चिडल्या की ‘अगो’.

बाईंचे यजमान मालवाहू बोटीवर होते. वर्षातले दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. मी रुजू झाले त्याच्या आदल्याच वर्षी ते वारले होते. मूलबाळ नव्हतं. बाई त्यांच्याबद्दल बोलायच्या ते बहुतेक चेष्टेनेच. इतकी वर्षं ओलीवर नजर ठेवून असलेल्या बाईच्या स्वतःच्या माजघराची एक भिंत पार पोखरली होती, ती कशी, असं कोणी विचारलं तर शांतपणे सांगायच्या, “ते सुट्टीवर आले होते. त्या दोन महिन्यांत माझं भिंतीकडे लक्ष नव्हतं.” शिक्षकांच्या खोलीतले पुरुष मग उगाच फळा पुसायला निघून जायचे.

त्यांच्या शिकवण्याच्या तऱ्हा वेगळ्या होत्या. पावसाळ्यात प्रत्येक वर्गात दोऱ्याला बांधून एक पोह्याचा पापड टांगलेला असे. रोज सकाळी वर्गप्रमुखाने तो बोटाने वाजवून बघायचा आणि फळ्याच्या कोपऱ्यात ‘कडक’, ‘मऊ’ किंवा ‘लोळा’ असं लिहायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हे काय आहे म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, हवामान खातं. साहेबांनी पापड वाजवला, फळ्यावर ‘मऊ’ लिहिलं होतं ते ताडून पाहिलं आणि शेऱ्यात ‘उपक्रमशील’ असा शब्द लिहून गेले.

निबंधात कोणी ‘माझ्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या’ असं लिहिलं की बाई त्यावर लाल रेघ ओढायच्या. शेजारी लिहायच्या, ‘रडलास का? मग रडलो म्हण.’ दुसऱ्यांदा सापडलं तर, ‘डोळ्यांना कडा नसतात, ताटाला असतात.’

जून-जुलैत आठवीच्या मुलांना एक ठरलेला गृहपाठ असायचा. घरात जो कोणी ओल, ओला, ओली हा शब्द वापरेल, त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून आणायचं. आपल्या मनाने रचायचं नाही, ऐकून आणायचं. त्यातून मजेमजेची वाक्यं यायची. ओले काजूगर, ओलं खोबरं, ओली बाळंतीण, सुक्याबरोबर ओलंही जळतं. एका मुलीच्या आजीचं वाक्य होतं, ‘घशाला ओल नाही आणि गप्पा सांगतंय.’ बाईंनी ते आठवडाभर फळ्यावरून पुसू दिलं नाही.

मी रुजू झाल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. त्या वर्षी शाळेच्या समितीचे अध्यक्ष अण्णा यांची मुलगी केतकी आठवी ‘ब’मध्ये होती. अण्णा आंब्याचे बागाईतदार, पांढऱ्याशुभ्र कपड्यातले, दारू-तंबाखूवर दर पंधरा ऑगस्टला भाषण देणारे. केतकी सरळ पोर. बाईंनी सांगितलं तसं तिने ऐकून आणलं होतं. उभी राहून खणखणीत वाचलं, “बाबा फोनवर म्हणाले, शनिवारी बागेतल्या घरी ओली पार्टी आहे, शाळेत कोणाला कळता कामा नये.”

बाईंनी तिला विचारलं, जसंच्या तसं आहे ना? ती हो म्हणाली. बाईंनी दहापैकी दहा दिले, वहीवर सही केली आणि ‘पालकांची सही आणावी’ असंही लिहिलं. सही आली. अण्णांनी ती केली तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता, पण त्या वर्षी पंधरा ऑगस्टचं भाषण पर्यावरणावर झालं.

हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढे जे झालं ते याच अण्णांशी झालं आणि लोक म्हणाले की बाईंची त्यांच्याशी जुनी खुन्नस होती. तसं काही नव्हतं. बाईंना अण्णा आवडायचे. एवढं धांदरट खोटं बोलणारा माणूस मनाने वाईट नसतो, असं त्यांचं मत होतं.

आठवी ‘ब’चा वर्ग इमारतीच्या टोकाला होता. जांभ्या चिऱ्याची जुनी भिंत, वर चुन्याचा हात. ऑगस्टच्या सुरुवातीला त्या भिंतीच्या तळाशी बाईंना ओल दिसली. त्यांनी जिथवर ओल होती तिथे पेन्सिलीने रेघ मारली आणि बाजूला तारीख घातली, घरी पोरांची उंची मोजतात तशी. चार दिवसांनी रेघ वर गेली. मग पुन्हा वर. पाऊसच तसा आहे, असं सगळे म्हणाले. पण मध्ये चार दिवस लख्ख उघाडी पडली. शेवाळ वाळलं, मैदानावर धूळ उडाली आणि त्या चार दिवसांतही ती रेघ दोन बोटं वर सरकली. तेव्हा बाई मला घेऊन वर्गात गेल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, पाऊस थांबल्यावरही चढते, म्हणजे हे पडणारं पाणी नाही, साठलेलं आहे.

आमच्या हेडसरांना दर महिन्याला इमारतीबद्दल एक तक्ता भरून वर पाठवावा लागे. त्यांनी आठवी ‘ब’पुढे ‘किंचित दमट’ असं लिहिलं आणि वर्गशिक्षिका म्हणून बाईंकडे सहीला पाठवलं. बाईंनी ‘किंचित दमट’वर काट मारून ‘ओल’ लिहिलं. हेडसर घाबरट पण भला माणूस. ते स्वतः वर्गात आले आणि समजावू लागले. ओल लिहिलं की वर्ग बंद करावा लागतो, मग समिती बोलवावी लागते, मग अण्णा विचारणार की इतके दिवस काय करत होता. एक शब्द बदलल्याने कोणाचं काय बिघडतं?

बाईंनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाल्यावर त्यांनी आठवी ‘ब’च्या चाळीस मुलांना बाकं उचलायला लावली आणि वर्ग पडवीत हलवला. वर कौलांतून झड येत होती, वह्यांवर शिंतोडे उडत होते, शेजारच्या वर्गातली मुलं पाढे विसरून यांच्याकडे बघत होती. हेडसरांनी लेखी मेमो दिला, की विनापरवानगी वर्ग हलवल्याबद्दल चोवीस तासांत खुलासा करावा. बाईंच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. मी म्हटलं, चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. त्या म्हणाल्या, अगो, कागद आण.

तो खुलासा मीच फेअर करून दिला म्हणून मला पाठ आहे. ‘दमट हा हवेचा गुण आहे. हवा कोणाची नसते, म्हणून दमटाची चौकशी होत नाही. ओल ही पाण्याची वाट आहे. ती कुठून तरी निघते आणि कुठे तरी पोचते. ती आठवी ‘ब’मध्ये पोचली आहे. कुठून निघाली ते शोधावे, ही विनंती. सापडेपर्यंत मुले पडवीत बसतील.’ खाली सही, तारीख, आणि ‘सोबत: काही नाही’.

हेडसरांनी तो फाइलला लावला आणि कोणीही काही शोधलं नाही. मग बाईंनीच शोधायचं ठरवलं.

शाळेच्या गडग्यापलीकडे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीपलीकडे, अण्णांचा नवा बंगला होता. मागच्या अंगणात त्यांनी पागोळ्यांचं पाणी साठवायला जमिनीखाली मोठी टाकी बांधून घेतली होती. पुण्याहून माणूस आणून. त्या टाकीचा त्यांना भारी अभिमान. कितीही पाऊस पडो, आमची टाकी कधी भरून वाहत नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. शाळेच्या कार्यक्रमातही सांगितलं होतं. बाईंनी ते ऐकलं तेव्हाच त्या हळूच मला म्हणाल्या होत्या, न भरणारी टाकी म्हणजे काय ते या माणसाला कोणीतरी सांगायला हवं.

“मग आपण जाऊन सांगू या,” मी म्हटलं. “त्यांची केतकी त्याच भिंतीला टेकून बसायची. एवढं सांगितलं तरी पुरे.”

“म्हणूनच सांगायचं नाही,” बाई म्हणाल्या. “पोरीचं नाव घेतलं तर तो पोरीला दुसऱ्या वर्गात बसवील. भिंत तिथंच राहील आणि बाकीची एकोणचाळीस पण.”

गौरी बसल्या. अण्णांच्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं शाळेतल्या सगळ्या बायकांना, विधवा असल्या तरी, असायचं. बाईंनी त्या दिवशी बाजारातून कपड्यांना घालायच्या पातळ निळीच्या आठ बाटल्या आणल्या. पाच त्यांच्या पिशवीत, तीन माझ्या, वर ओटीचे नारळ आणि फुलांच्या पुड्या. वाटेत बाटल्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या. समोरून हेडसरांची मिसेस आली. बाईंनी तिला सांगितलं, गौरीला बांगड्या घेतल्यात.

अण्णांच्या बायकोला बोलण्यात गुंतवायचं काम माझ्याकडे होतं. मी जन्मात कधी कोणाच्या घावन-घाटल्याच्या नैवेद्याची एवढी चौकशी केली नसेल. बाई पाय चिखलाने भरलेत म्हणून मागच्या अंगणात धुवायला गेल्या. लोखंडी झाकण सरकल्याचा आवाज आला तेव्हा मी मोठ्याने विचारलं, नारळ घरचे की बागेतले? ती माउली गोंधळून म्हणाली, बाग घरचीच आहे. दोन मिनिटांनी बाई पदराला हात पुसत आल्या, गौरीला हळदकुंकू वाहिलं आणि बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. हाताची बोटं पार नखांपर्यंत निळी झाली होती. अण्णांच्या बायकोने विचारलं तेव्हा म्हणाल्या, शाई सांडली.

गणपतीच्या सुट्टीत शाळा बंद होती. त्या काळात अण्णांच्या घरचे पांढरे कपडे अचानक इतके उजळले, की आरतीला आलेल्या बायका साबण कोणता वापरता ते विचारू लागल्या, असं नंतर केतकीनेच सांगितलं. त्याच पाण्याने गाडी धुतात आणि झाडांना घालतात. प्यायला विहिरीचं. ते बाईंनी आधीच माहीत करून घेतलं होतं.

शाळा उघडली त्या सकाळी शिपाई धावत शिक्षकांच्या खोलीत आला. आम्ही सगळे आठवी ‘ब’मध्ये गेलो. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर, जमिनीपासून कमरेपर्यंत, आकाशी रंगाचा पट्टा उमटला होता. कडेला बाईंच्या पेन्सिलीच्या रेघा आणि तारखा. तळाशी गडद, वर फिकट होत गेलेला, खरं सांगायचं तर फार सुंदर दिसत होता. हेडसर म्हणाले, हे काय नवीन. बाई म्हणाल्या, अण्णांना बोलवा.

अण्णा आले. शर्टावर निळसर झाक होतीच. त्यांनी भिंत पाहिली, शर्टाची बाही पाहिली, पुन्हा भिंत पाहिली. माणूस मंद नव्हता.

“बाई, हे कुठून आलं?”

“तुमच्या घरून,” बाई म्हणाल्या. “मी घातलं. गौरीच्या दिवशी.”

मग जे झालं ते ऐकवत नव्हतं. अण्णांचा आवाज मैदानापलीकडे जात होता. सणाच्या दिवशी घरात घेतलं, ओटी भरली आणि तुम्ही चोरासारख्या मागच्या अंगणात गेलात, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. बाईंनी मान खाली घातली. त्यांना इतकं ओशाळलेलं मी एकदाच पाहिलं. तसं करायला नको होतं, असं त्या म्हणाल्या. देवीची आणि तुमच्या बायकोची माफी मागते, तुमची मात्र टाकी बघितल्यावर मागेन. मी पुढे होऊन सांगणार होते की मीपण होते, तर त्यांनी माझ्या पायावर आपला पाय ठेवला आणि चांगला दाबला.

अण्णांनी टाकी उपसली, ती बाईंना खोटं पाडायला. तळाच्या एका कोपऱ्यात हात जाईल एवढी भेग निघाली. मग गवंडी आणून वर्गाची भिंत उघडली. त्याने जोत्याजवळचा गिलावा काढला आणि पहारीचं टोक नुसतं टेकवलं, तर चिरा भाकरीसारखा तुटून पडला. आतला पुढचाही तसाच. गवंडी म्हातारा होता. त्याने पहार बाजूला ठेवली, सगळ्यांना दोन पावलं मागे व्हायला सांगितलं आणि म्हणाला, “ही भिंत सवयीने उभी होती.”

अण्णा केतकीचं बाक असायचं त्या जागी उभे होते. दुपारी त्यांची बायको शाळेत आली आणि बाईंना घावनं देऊन गेली. संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकू लागले आणि दिवाळीपर्यंत भिंत नवी झाली. बाईंनी अण्णांची माफी मागितली का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, मागायला गेले होते, पण तो आधीच मागत होता, मध्ये बोलणं बरं दिसलं नाही.

मेमो मात्र मागे घेतला गेला नाही. वर गेलेला कागद खाली येत नाही, असं हेडसर म्हणाले. दोन वर्षांनी निरोपसमारंभात त्यांनी ‘बाईंच्या निष्कलंक सेवेचा’ उल्लेख केला, तेव्हा बाईंनी व्यासपीठावरूनच दुरुस्ती केली, एक कलंक आहे, निळा.

पुढे माझं लग्न झालं आणि मी बदली घेऊन चिपळूणला आले. बाईंची पत्रं यायची, नंतर मोबाइलवर लांबलचक निरोप यायचे, त्यातही पूर्णविराम आणि स्वल्पविराम जागच्या जागी. पुराच्या वर्षी आमचं तळमजल्यावरचं घर माळ्यापर्यंत पाण्यात गेलं. आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि सासूबाई, वरच्या मजल्यावरच्यांकडे दोन रात्री काढून खाली आलो. मग नुसता चिखल उपसत होतो. चौथ्या दिवशी सकाळी दारात बाई उभ्या. सत्तरीला टेकलेल्या. रत्नागिरीहून कुठवर एसटी, कुठवर टेम्पो, कुठवर पायी करत आल्या होत्या. हातात फावडं. मला काही बोलू न देता साडी खोचून आत शिरल्या. दुपारपर्यंत स्वयंपाकघराची फरशी दिसायला लागली.

त्याच मार्गशीर्षात बाई झोपेतच गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. म्हणून त्या दिवसाचं पुढचं सांगते, ते माझं शेवटचं बघणं.

दुपारी जेवायला म्हणून मी त्यांच्यापुढे कोरडे पोहे ठेवले. चार दिवस आम्ही तेच खात होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मदतीचं वाटप चाललं होतं. कुठल्याशा मंडळाचा टेम्पो, कॉलेजातल्या मुली, लांब रांग. आम्ही दोघं पगारदार. वाटणाऱ्यांत माझ्या दोन विद्यार्थिनी होत्या. त्यांच्यापुढे हात करायला माझा पाय उचलत नव्हता. बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, आमच्यापेक्षा गरजू पुष्कळ आहेत. त्यांनी पोहे खाल्ले.

चारच्या सुमारास मी त्यांना स्टँडवर सोडायला निघाले. टेम्पोपाशी आलो तर बाई सरळ रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, केस विस्कटलेले, डावा पाय नेहमीपेक्षा जास्त ओढत होता. पुढच्या बाईने त्यांना बघून स्वतःहून जागा दिली. मी कानाशी जाऊन म्हटलं, बाई, हे काय करताय. त्यांनी माझं मनगट दाबलं. मुलीने नाव विचारलं, त्यांनी साळवी सांगितलं. घर? आमची गल्ली सांगितली. किती माणसं?

“तीन,” बाई म्हणाल्या. “त्यातली एक म्हातारी आणि एक फार मानी.”

मुलगी हळवी होऊन बघत राहिली. एक जाड चादर, दुधाची पावडर, बिस्किटांचे पुडे, मेणबत्त्या, केळी, आणि वरून एक पोपटी रंगाची साडी. रात्रीपुरतं नातेवाइकांकडे जाते, असं बाईंनी सांगितल्यावर दोन मुली ते सगळं घेऊन त्यांना हाताला धरून स्टँडपर्यंत आल्या, गाडीत बसवून गेल्या. कंडक्टरने खिडकीची जागा रिकामी करून दिली. बाई सगळ्यांकडे बघून मान हलवत होत्या, अगदी दीनवाण्या.

मी खाली उभी. मला थोडं वाईट वाटलं. गाडी सुरू झाली तशी त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं आणि एकेक वस्तू बाहेर द्यायला सुरुवात केली. आधी चादर, मग पावडर, मग बिस्किटं. मी नको नको म्हणत होते, पण गाडी हलली होती आणि खाली चिखल होता. हातात घेतलं नाही तर पडलं असतं. केळी तर त्यांनी फेकलीच.

“ही मी ठेवते गो,” साडी दाखवून त्या ओरडल्या. “रंग मला शोभतो.”

मी चादरीवर हनुवटी टेकवून, दोन्ही हात भरलेले, तशीच उभी राहिले. गाडी स्टँडच्या दरवाजातून वळली तेव्हा बाई शेजारच्या बाईला पोपटी साडीचा पदर उलगडून दाखवत होत्या.